शिरोलीच्या फाउंड्र्या, लो-कोड आणि आम्ही स्वतः लिहिलेला कोड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्र्या नि मशीन शॉप, आणि थोडे इचलकरंजीचे यंत्रमागवाले. सुरुवातीला काम एकाच धाटणीचं होतं. मालक सांगतील तसं बिलिंग आणि स्टॉकचं पॅकेज व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहायचं आणि पेन ड्राइव्हवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून यायचं. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं 2007 मध्येच जाहीर केलं होतं. तरीही ती पॅकेजेस कारखान्यांत पुढे कित्येक वर्षं वापरात होती. काम अडत नव्हतं, मग कोण कशाला हात लावतो?

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते सगळं एका फटक्यात बदलावं लागलं. एक्साइज गेलं, व्हॅट गेला, चलनाचा नमुना बदलला. बहुतेक गिऱ्हाइकांनी हिशेब टॅलीवर नेला आणि आम्हीच त्यांना तो नेऊन दिला. पुढच्या वर्षांनी तो निर्णय योग्य ठरवला. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याची नोंद) सक्तीचा झाला. सगळ्या देशाला एकच नियम लागू होतो, तिथं तयार पॅकेज घ्यावं. दर अधिसूचनेला वीस गिऱ्हाइकांचा कोड उघडून बसण्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आपली झोप जाते.

हिशेब गेला तरी कारखान्यात वह्या उरल्याच होत्या. गेटची वही, डाय आणि पॅटर्नची (साचे बनवायच्या नमुन्यांची) वही, मेंटेनन्सची वही, जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर गेलेल्या मालाची वही. यांतल्या एकेका वहीसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून घेणं कुणालाच परवडत नव्हतं. तिथं लो-कोड, म्हणजे फारसा कोड न लिहिता तयार तुकडे जोडून ॲप बांधायची पद्धत, उपयोगी पडलं. जानेवारी 2020 मध्ये गुगलनं ॲपशीट हे शीटवरून मोबाइल ॲप बांधायचं लो-कोड साधन विकत घेतलं, पाठोपाठ लॉकडाऊन आला. कारखाने अर्ध्या माणसांवर सुरू झाले तेव्हा मालकांना घरी बसून मोबाइलवर आत-बाहेरचा माल बघायचा होता. पहिलं ॲप गेटचं केलं. गाडी नंबर, पार्टी, चलनाचा फोटो, वजनकाट्याची पावती, एवढंच. संध्याकाळी वॉचमनकाकांना दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, गाडी नंबर आधी नको, पार्टी आधी घ्या. गाडी लांब उभी असते, ड्रायव्हर कागद घेऊन चालत येतो." तिथंच उभ्या उभ्या रकान्यांचा क्रम बदलला आणि पुढच्या गाडीची नोंद नव्या क्रमानं झाली.

लो-कोडची खरी किंमत मला त्या गेटवर कळली. लवकर होतं आणि स्वस्तात होतं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्याला काम करायचंय तो माणूस समोर उभा असताना ॲप बदलता येतं. कोड लिहायच्या पद्धतीत हीच सूचना आधी कागदावर उतरली असती, मग कुणीतरी ती वाचली असती, मग पुढच्या आठवड्यात बदल झाला असता. तोवर काकांनी पुन्हा वही उघडली असती.

पुढे एका फाउंड्रीनं हीट ट्रेसेबिलिटीचं, म्हणजे माल कुठल्या धातूतून आला याचा माग ठेवायचं, काम दिलं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंडक्शन भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. ओतण्याआधी स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना तपासून कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे नोंदवतात. मोल्डमध्ये (साच्यात) हीट कोडचा छोटा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, बसवतात, त्यामुळे कास्टिंगवर (ओतून तयार झालेल्या भागावर) तो कोड उमटून येतो. मग फेटलिंग (जास्तीचा धातू काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), काही माल बाहेर मशीनिंगला. ट्रॅक्टर किंवा गाड्यांच्या कंपनीतून सहा महिन्यांनी तक्रार आली की कास्टिंगवरच्या त्या कोडावरून मागे चालत जायचं: कुठली हीट, त्यात कुठलं स्क्रॅप, त्याच हीटची आणखी किती कास्टिंग कुठल्या चलनानं कुणाकडे गेली.

याचाही कच्चा आराखडा आम्ही ॲपशीटवरच केला, आणि तो करायलाच हवा होता. क्वालिटीच्या मंडळींनी सांगितलेली पद्धत आणि भट्टीवरची पद्धत यांत बराच फरक होता. एका लॅडलचा (धातू ओतायच्या भांड्याचा) धातू दोन वेगळ्या पार्टच्या मोल्डमध्ये ओतला जातो, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. रात्रपाळीचा शिफ्ट इन्चार्ज हातमोजा न काढता करंगळीनं स्क्रीनवर टेकवून हीट नंबर टाकायचा. त्यामुळे नंबर टाइप करायला लावायचाच नाही, मोठ्या बटणांतून निवडायला द्यायचा, हे ठरलं. या सगळ्या गोष्टी त्या कच्च्या ॲपनं आम्हाला शिकवल्या.

मग माल वाढला. फेटलिंगनंतर लॉट फुटतात, जॉबवर्करकडून तुकड्या-तुकड्यानं परत येतात, काही रिजेक्ट होतात, काही भट्टीत परत जातात. नग आणि वजन दोन्ही जुळवायचं, आणि मशीनिंगमध्ये उडालेलं बोरिंग (धातूचा कीस) वजा धरायचं. त्यात जीएसटीचा नियम आहे: जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही तर पाठवल्या तारखेपासून तो पुरवठा धरून कर लागतो, आणि आयटीसी-04 या जीएसटीच्या फॉर्ममध्ये त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक चलनाची शिल्लक त्या चलनाच्या तारखेला बांधून ठेवावी लागते. शीटच्या सूत्रांवर सूत्रं चढत गेली आणि मोबाइलवर सिंक व्हायला इतका वेळ लागू लागला की लाइनवरची माणसं नोंद उद्यावर ढकलायला लागली. ट्रेसेबिलिटीत उद्याची नोंद कामाची नाही, कारण तोवर हीटचे ढीग मिसळलेले असतात.

तेवढा भाग आम्ही कोडमध्ये लिहिला. पायथन ही भाषा, जँगो हा तिचा सांगाडा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. लॉट फुटण्याचा आणि जुळण्याचा हिशेब डेटाबेसमध्ये, बटणांचा पडदा मात्र कच्च्या ॲपमध्ये रुळला होता तसाच. लिहायला महिने लागले, पण काय लिहायचं यावर वाद झाले नाहीत. गेटचं, मेंटेनन्सचं आणि पॅटर्नच्या वहीचं ॲप लो-कोडवरच राहिलं आणि आजही तिथंच आहे.

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. ज्या कामाचे नियम अजून माणसांच्या डोक्यात फिरताहेत, ते लो-कोडवर करावं. ज्याचे नियम पक्के झालेत, जे इतर कुणासारखं नाही आणि जे थांबलं तर माल थांबतो, ते कोडमध्ये लिहून घ्यावं. बहुतेक कारखान्यांत असा भाग एक किंवा दोनच असतो. सगळंच कस्टम, म्हणजे खास आपल्यासाठी लिहिलेलं, पाहिजे म्हणणाऱ्या मालकांना मी आधी विचारतो, तुमचं कुठलं काम शेजारच्या प्लॉटवाल्यापेक्षा वेगळं आहे? उत्तर आलं की कोटेशन बहुतेक वेळा निम्म्यावर येतं.

पैशांचा हिशेब मात्र वहीत मांडूनच करावा. लो-कोडचा खर्च माणशी, महिन्याला असतो. समजा माणशी 500 रुपये पडतात. ऑफिसात आठ माणसं असतील तर महिन्याला 4,000, काहीच नाही. तेच तिन्ही पाळ्यांच्या 60 माणसांना दिलं तर महिन्याला 30,000, वर्षाला 3 लाख 60 हजार, पाच वर्षांत 18 लाख. त्या पैशांत लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर देखभालीसकट बसू शकतं. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. कस्टमचा पहिला आकडा भरला म्हणजे संपलं असं समजणाऱ्यांचं सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी जुनं पडतं. सर्व्हर, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट आणि तो कोड समजणारा माणूस, याची तरतूद दरवर्षी लागते. ज्याला ती करायची नाही त्यानं लो-कोडवरच राहावं, असं मी स्पष्ट सांगतो.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून आम्हीच काढतो: यातून बाहेर कसं पडायचं? गुगलचं ॲप मेकर नावाचं साधन होतं, ते 19 जानेवारी 2021 ला बंद झालं. ज्यांनी त्यावर ॲप बांधली होती त्यांना दुसरीकडे नव्यानं बांधावी लागली. लो-कोडमधला डेटा काढून घेता येतो, पण त्यात रचलेले नियम उचलून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ठेवता येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक ॲपचे नियम साध्या मराठीत लिहून मालकांकडे देतो आणि डेटा गिऱ्हाइकाच्याच खात्यात ठेवतो. कस्टममध्ये हा धोका नाही असं नव्हे. आमच्याकडे आलेल्या एका कारखान्याला आधीच्या फर्मनं सोर्स कोडच (सॉफ्टवेअरचा मूळ, बदलता येण्याजोगा मजकूर) दिला नव्हता. पैसे पूर्ण मोजलेले, आणि हातात फक्त चालणारी फाइल. साधा रिपोर्टचा मथळा बदलायलाही कुणी उरलं नव्हतं. ते बघून मला फार वाईट वाटलं. आता आमच्या करारात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की सोर्स कोड गिऱ्हाइकाच्या खात्यात, पहिल्या दिवसापासून.

मुलांना कामावर घेतानाही याचा परिणाम झाला. कोल्हापूर-इचलकरंजीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आलेली मुलं दोन दिवसांत ॲपशीट किंवा मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स शिकतात. आम्ही त्यांना आधी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकवतो आणि एक आठवडा कारखान्यात बसवतो. टेबलं नीट पाडता आली नाहीत तर लो-कोडवरही पुढे गुंता होतो आणि कोडमध्येही होतो.

सध्या इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखानदाराचं काम हातात आहे. तिथं 52 पिकाच्या (इंचाला 52 आडवे धागे असलेल्या) कापडाचा मीटरमागचा दर धरून मजुरी ठरते आणि महागाई भत्त्यानुसार तो दर बदलतो. मालकांनी कस्टम सॉफ्टवेअर मागितलं होतं. बसून पाहिलं तर बदलणारा आकडा एकच आहे आणि ॲप वापरणारी माणसं चार: दोन दिवाणजी, एक जॉबर (मागांवर देखरेख करणारा) आणि मालक. मी त्यांना लो-कोडचं कोटेशन दिलं. कांडीवाल्या (मागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या) बायकांचा हिशेब यात घ्यायचा की वेगळा ठेवायचा, एवढं त्यांच्याकडून ठरून यायचं आहे.