रक्त खालून, जखम वर

आपत्कालीन विभागातून फोन आला तो असा: ‘६४ वर्षांचे गृहस्थ, जुनी मूळव्याध, दुपारपासून तीनदा शौचावाटे लाल रक्त. बीपी ठीक, नाडी ७६, हिमोग्लोबिन ११.२. सकाळी कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीला) घेऊ का?’ पोटविकारांच्या विभागात असे फोन नेहमीचे. या रुग्णाच्या बाबतीत मात्र फोनवर सांगितलेला प्रत्येक आकडा खरा असूनही दिशाभूल करणारा होता.

रुग्ण खाटेवर शांत पडून होते. हातपाय गार, कपाळावर बारीक घाम. आडवे असताना रक्तदाब ११८/७४. पाय खाली सोडून बसवले आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजला, तर वरचा आकडा ९२ वर आला आणि डोळ्यांपुढे अंधारी. नाडी मात्र ८० च्या पुढे गेली नाही. नातेवाइकांच्या पिशवीतल्या औषधांत त्याचे उत्तर मिळाले. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता, त्यामुळे रोज मेटोप्रोलॉल आणि ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू. रक्त कमी झाले की नाडी पळायला हवी. मेटोप्रोलॉल तिला पळू देत नाही. त्याच पिशवीत अर्धी संपलेली डायक्लोफेनॅकची पाकिटे होती. गुडघेदुखीसाठी तीन आठवडे दिवसातून दोनदा, कुणाला न विचारता. जठराच्या रक्षणासाठी सोबत कोणतीही गोळी नाही.

मूळव्याधीचे रक्त कसे असते? लालभडक, शौचानंतर थेंबथेंब किंवा पिचकारीसारखे, मळात न मिसळलेले. माणसाला बसल्या जागी चक्कर यावी इतके ते एका दुपारी क्वचितच जाते. इथे रक्त गडद मरून रंगाचे, गुठळ्यांसह आणि मळ जवळजवळ नाहीच. गुदद्वारात प्रॉक्टोस्कोप ही आखूड नळी घालून पाहिले. मूळव्याधीचे कोंब होते, पण त्यांतून रक्त येत नव्हते, ते वरून उतरत होते. मूळव्याध असणे वेगळे आणि आजचे रक्त मूळव्याधीचे असणे वेगळे. हा फरक न केल्यामुळे मोठ्या आतड्याचे कर्करोगही महिनोन्‌महिने मलम लावण्यात लपून राहतात, म्हणून मी त्यावर अडून बसतो.

मग कुठून? मोठ्या आतड्यातल्या डायव्हर्टिक्युला या फुग्यांमधून न दुखता अचानक भरपूर रक्त जाऊ शकते. उतारवयात आतड्यातल्या फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्याही फुटतात. कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आल्यावर, आव, कळा आणि वारंवार घाई असते. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेत, रक्त थोडे, वेदना फार. पॉलिप आणि कर्करोग बहुधा हळूहळू रक्त गमावतात आणि थकव्यातून, अ‍ॅनिमियातून समोर येतात. या सगळ्या शक्यता बाजूला सारायला लावल्या एका साध्या तपासणीने: युरिया ९६, क्रिएटिनिन १.१. मूत्रपिंड बिघडलेले नाही, तरी युरिया दुपटीहून जास्त. जठरातले किंवा ड्युओडेनममधले (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले) रक्त लहान आतड्यातून जाताना पचते, त्यातल्या प्रथिनांपासून यकृत युरिया बनवते. मोठ्या आतड्यात पडलेल्या रक्ताचे तसे होत नाही. अंगातले पाणी कमी झाले तरी युरिया थोडा चढतो, पण इतकी तफावत दिसली आणि सोबत वेदनाशामकांचा इतिहास असला, की आधी वरून, तोंडावाटे दुर्बीण घालून बघायचे.

वरचे रक्त एरवी डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होऊन बाहेर पडते. त्यासाठी ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरते, पण आतड्यात काही तास मुरावे लागते. स्राव जोराचा असला की रक्त स्वतःच जुलाबासारखे काम करते आणि काळे व्हायच्या आत लालच बाहेर येते. म्हणजे वरच्या जखमेचे लाल रक्त हे मोठ्या स्रावाचे लक्षण. हिमोग्लोबिन ११.२ वर विसंबायचे नाही ते याचसाठी. रक्त जाते तेव्हा पेशी आणि द्रव एकाच प्रमाणात जातात, पातळपणा नंतर येतो. चार तासांनी तोच आकडा ७.४ होता.

दोन्ही हातांना १६ गेजचे कॅन्युला, रक्ताच्या चार पिशव्यांची क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळणी), सलाइन, जठरातले आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल ८० मिलिग्रॅम शिरेतून. एरवी रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ७, पण हृदयविकार असल्यामुळे इथे ८ धरली आणि दोन पिशव्या दिल्या. यकृत सिरोसिसचे असते तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचा विचार करून त्यांतला दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि अँटिबायोटिक लगेच सुरू केले असते, आणि रक्त हात राखून दिले असते. जास्त भरले की त्या शिरांतला दाब वाढून पुन्हा फुटतात. या रुग्णात तशी काही खूण नव्हती. ईसीजी पाहून एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिले. त्याने जठर आकुंचन पावून गुठळ्या पुढे ढकलल्या जातात आणि पाऊण तासाने आत दिसू लागते.

दुर्बीण आत गेली तेव्हा जठर स्वच्छ. ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर दीड सेंटिमीटरचा अल्सर आणि मध्यभागी धडधडणारा लाल उंचवटा, म्हणजे उघडी पडलेली धमनी. ही जागा वाईट. भिंतीच्या लगेच मागून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी जाते. रक्तवाहिनी आकसवणारे १:१०,००० अ‍ॅड्रिनलिन उंचवट्याच्या चारही बाजूंना एकेक-दोनदोन मिलिलिटर टोचले. तेवढ्यावर थांबायचे नसते, तासा-दोन तासांत त्याचा असर ओसरतो आणि रक्त पुन्हा सुरू होते. पहिली क्लिप तिरकी बसून निसटली. मागच्या भिंतीवर दुर्बीण समोरून येत नाही, बाजूने घासत जाते. टोकाला पारदर्शक टोपी लावून पुन्हा उतरलो, तेव्हा दोन क्लिपा धमनीवर आडव्या बसल्या. बसल्या नसत्या तर रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन धमनी बंद करणे, नाहीतर शस्त्रक्रिया.

पॅन्टोप्राझोल ताशी ८ मिलिग्रॅम, ७२ तास. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी काळी शौच झाली आणि घरचे घाबरले. ते आतड्यात उरलेले जुने रक्त होते आणि ते दोन-चार दिवस येत राहते. ताजे लाल रक्त, घसरता दाब किंवा उतरते हिमोग्लोबिन असेल तर गोष्ट वेगळी.

अ‍ॅस्पिरिन कायमचे बंद करा, असा घरच्यांचा आग्रह होता. स्टेंट असलेल्या माणसात ते धोक्याचे, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून तिसऱ्या दिवशी पॅन्टोप्राझोलच्या आधाराने पुन्हा सुरू केले. डायक्लोफेनॅक कायमचे बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणी निगेटिव्ह आली, पण रक्त वाहत असताना आणि पॅन्टोप्राझोल चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून घरी पाठवताना कागदावर लिहून दिले: अल्सर भरल्यावर पॅन्टोप्राझोलऐवजी दोन आठवडे फॅमोटिडीन हे दुसऱ्या प्रकारचे आम्लरोधक, मग श्वासाची चाचणी, आणि जंतू सापडले तर १४ दिवसांचा पूर्ण कोर्स.