सगळ्यांना चालेल असं ताट

"आमच्या सोसायटीत सगळ्या धर्मांची माणसं आहेत. सगळ्यांचे सण एकत्र साजरे करायचे म्हटलं तर दिवस कोणता धरायचा आणि खायला काय ठेवायचं?" मुंबईत कमिटीवर नवा आलेला कुणी ना कुणी हे विचारतोच. सोबत अपेक्षा असते ती 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' या वाक्याची. ते बॅनरवर छापायला ठीक आहे, केटररला सांगून उपयोग नाही. सणांचं नातं दिसतं ते पथ्यांत: कधी खायचं नाही, काय सोडायचं, कुणाला द्यायचं, कुणाची माफी मागायची. पथ्य पाळायचं हे सगळ्यांत सारखं, पथ्यं मात्र प्रत्येकाची वेगळी. तुम्ही विचारलंत म्हणून सुरुवात तारखेपासून करतो, कारण निम्मे कार्यक्रम तिथेच फसतात.

२ ऑक्टोबर २०२५ घ्या. त्या दिवशी दसरा होता, बौद्ध कुटुंबांची अशोक विजयादशमी होती आणि ज्यूंचा योम किप्पूरही होता. सरकारी सुट्टी, हॉल मोकळा, एकत्र जेवणासाठी याहून सोयीचा दिवस कुठला? पण योम किप्पूरला बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस आदल्या संध्याकाळपासून सुमारे २५ तास पाणीसुद्धा घेत नाही आणि दिवसभर सिनेगॉगमध्ये क्षमायाचनेच्या प्रार्थनेत असतो. श्रीखंड-पुरीचं आमंत्रण त्याच्या दारावर लावून काय उपयोग?

हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. त्यात अधिक महिना नसतो, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपलं पंचांगही चांद्रच, पण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून ते ऋतूंबरोबर राहतं. त्यामुळे दोन्हींकडचे ठरावीक सण काही वर्षं लागोपाठ एकमेकांवर येतात आणि मग पुन्हा लांब जातात. २०२३ ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली. मुंबईत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. २०२४ ला तो १८ सप्टेंबरला आणि २०२५ ला ८ सप्टेंबरला नेला, विसर्जनाला रस्ते मोकळे मिळावेत म्हणून. मुसलमानांनी लागोपाठ तीन वर्षं स्वतःची मिरवणूक पुढे ढकलणं ही माझ्या मते कुठल्याही सर्वधर्म परिषदेपेक्षा मोठी गोष्ट. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानं हा पेच सुटतो, अनंत चतुर्दशी ईद-ए-मिलादच्या जवळपास महिनाभर पुढे जाते.

नोटीस बोर्डावर रमजान ईदची तारीख लिहिताना 'चंद्रदर्शनानुसार' हा शब्द घाला. दाऊदी बोहरा कुटुंबं गणितावर बसवलेलं कॅलेंडर पाळतात, त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी होते. 'तुमची ईद उद्या ना?' असं त्यांना ईदच्याच दिवशी विचारू नका.

आता ताट. फक्त शाकाहारी ठेवलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. साबुदाण्याची खिचडी आपल्या उपासाला चालते, पण तिच्यातला बटाटा जैनांना चालत नाही. बटाटा, रताळं, कांदा, लसूण, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं हे सगळं त्यांच्याकडे कंदमुळात जातं, आणि मधही वर्ज्य. बेकरीच्या प्लम केकमध्ये अंडं असतं, बऱ्याचदा रमही. लहान मुलांच्या जेलीत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. म्हणजे एका पाकिटात जैन, मुसलमान, ज्यू आणि संकष्टीवाले असे चौघे एकदम अडतात. मिठाईवरचा वर्ख सरळ टाळा. सगळ्यांना बिनधास्त चालणारं म्हणजे खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि ओल्या नारळाच्या वड्या. ऐन पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासांच्या पर्वात मात्र बरेच जैन हिरवी भाजी आणि फळंही सोडतात, तेव्हा त्या घरी आधी विचारा. अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास केलेल्याला तर खायचा आग्रह करूच नका. तो आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर असतो, तेही दिवसाउजेडी. त्याला मान द्यायचाच असेल तर पारण्याच्या सकाळी भेटायला जा. नवकारशी, म्हणजे तोंडात काही घालायची वेळ, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते, त्याआधी पोचून बसू नका.

एखादा पदार्थ शिजवायचाच असेल तर बेने इस्राएलींच्या मलिद्याच्या धर्तीवर गोड पोहे करा. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या स्मरणाचा हा कोकणातल्या ज्यूंचा विधी. त्याला प्रार्थना असते, शेजारी फळं मांडलेली असतात. त्यामुळे नुसत्या पोह्यांना 'मलिदा विधी' म्हणून मिरवू नका. अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ, पाव किलो साखर, वेलची, काजू-बदामाचे काप. पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धरायचे आणि दहा मिनिटं निथळत ठेवायचे. पातेल्यात भिजत टाकले की लगदा झालाच म्हणून समजा. साखर आणि खोबरं वाढायच्या अर्धा तास आधी मिसळा. मुंबईच्या उकाड्यात ओलं खोबरं चार-पाच तासांत आंबूस होतं. कांदा-बटाटा नाही, दूध नाही, अंडं नाही. फक्त उपास असलेल्यांना पोहे चालत नाहीत, म्हणून तारीख एकादशी-संकष्टी बघून धरा.

सगळ्यात अवघड असते ती इफ्तार. चौविहार पाळणारा जैन सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही आणि रोजेदार सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाही. एकच मिनिट दोघांचं, फक्त एक थांबतो आणि दुसरा सुरू करतो. मार्चमध्ये मुंबईचा सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. म्हणून जैन मंडळींसाठी सव्वापाचला वेगळं टेबल लावा, भांडी वेगळी ठेवा आणि खाणं सहा-सव्वासहापर्यंत उरका. नंतर बसायला ती मंडळी असतातच.

अजानच्या आधी प्रत्येक रोजेदाराच्या हातात खजूर पोचलेला हवा. माणशी तीन धरले तर साठ जणांना दोन किलो पुरतात. पाण्याचे ग्लास भरून ठेवा. तळलेलं अजानच्या दहा मिनिटं आधी मांडा, फार आधी मांडलं तर भजी मऊ पडतात. शिया बंधू रोजा काही मिनिटं उशिरा सोडतात, त्यांच्यासमोरची ताटली कुणी 'खा, खा' म्हणत पुढे सरकवू नये. पाच-दहा मिनिटांत मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज होते. त्यासाठी धुतलेल्या चादरी, वजूला, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायला नळ आणि पश्चिमेपेक्षा किंचित उत्तरेकडे तोंड होईल अशी मोकळी जागा लागते. आणि भाषणं? ती अजानआधी अर्धा तास, पाच-पाच मिनिटांची. नगरसेवक उशिरा आले म्हणून माईक अजानपर्यंत चालू राहिला की दिवसभर तहानलेली माणसं घड्याळाकडे बघत बसतात. हे मी फार ठिकाणी बघतो आणि मला ते उर्मटपणाचं वाटतं.

कॅथलिक शेजाऱ्यांना बोलवत असाल तर राखेच्या बुधवारी सुरू होणारा, ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) लक्षात ठेवा. २०२५ ला पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. अशा वर्षी शुक्रवारी इफ्तार ठेवून बिर्याणी केलीत, तर समोरचा डिसोझा मटण खाणार नाही. मासे त्याला चालतात. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांना एकच पूर्ण जेवण असतं, ते दिवस सोडूनच द्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी एकच सांगणं. गुड फ्रायडे, मोहरमचा दहावा दिवस, ६ डिसेंबर आणि योम किप्पूर या दिवशी 'हार्दिक शुभेच्छा' आणि फुलांची चित्रं पाठवू नका. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसं अभिवादनाला येतात. ग्रुपवर 'विनम्र अभिवादन' पुरे.

राहिली वर्गणी. इफ्तारच्या खर्चाचा डबा आणि दानाचा डबा वेगळे ठेवा. जकात म्हणजे वर्षभर राहिलेल्या बचतीच्या अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची हे ठरलेलं आहे. तिच्यातून मंडप आणि लायटिंग होत नाही. फित्रा, म्हणजे रमजान ईदचं दान, ईदच्या नमाजेआधी गरजूच्या हातात पडायला हवा, तर त्याच्याकडेही ईदला काही शिजेल. डब्यावर ठळक अक्षरांत लिहा, कुणाचे पैसे आणि कशासाठी. हिशेब त्याच आठवड्यात बोर्डावर लावा, नाहीतर पुढच्या वर्षी दोन्ही डबे रिकामे राहतात.