लिव्हर बिडाची निघाली

सरीच्या टोकाला मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलायला लिव्हर ओढली, तर ती मुळापासून हातातच आली. आडसाली उसाची मोठी भरणी, म्हणजे बुंध्याला माती लावायचं काम, चालू होती, एक एकर अजून राहिलेला. आण्णा बांधावरून ओरडतायत, "आरं, वड की जोरात!" काय ओढू? मूठ हातात आणि बुंधा शाफ्टवर.

शाफ्टच्या टोकाला ग्रिप प्लायर आवळून कसातरी रोटाव्हेटर उचलला आणि ट्रॅक्टर घरी आणला. आल्याआल्या आधी रोटाव्हेटर जमिनीला टेकवला, मगच इंजिन बंद करून पान्हे काढले. हायड्रॉलिकच्या भरवशावर अधांतरी अवजाराखाली हात घालायचा नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

गावातल्या वेल्डरनं साध्या रॉडनं जोडून दिली. दिसायला झकास! तिसऱ्याच सरीला टाक्याच्या शेजारून परत तुटली. शोरूमवाला म्हणाला, सुटी लिव्हर येत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागेल आणि दहा दिवस थांबावं लागेल. मग दोन्ही तुकडे पिशवीत घालून शिवाजी पूल ओलांडला आणि थेट कोल्हापूरचं उद्यमनगर गाठलं.

लेथवर बसलेल्या मामांनी तुकड्यावर दोनदा कानस मारली आणि माझ्या बोटाला काळी पूड लावली. "पोलादाचा चकचकीत कीस पडतो. ही पूड पडली, म्हंजे बीड हाय, ओतीव लोखंड. साध्या रॉडनं कोण जोडतं याला?" बिडात कार्बन पोलादापेक्षा कितीतरी जास्त. टाका मारला की तेवढीच जागा तापते, झटक्यात थंड होते आणि काचेसारखी कडक होऊन तडकते. जोडायचंच असेल तर अख्खा तुकडा आधी तापवायचा, निकेलच्या रॉडनं इंचा-इंचानं टाके घालायचे आणि कोरड्या राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा. मामा म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यापायी कशाला हा कुटाणा? नवीच करू."

गोल बार कापून १६ मिलिमीटरचं भोक पाडलं, शेजारच्या दुकानात ५ मिलिमीटरच्या चावीची (लिव्हर शाफ्टवर नुसतीच फिरू नये म्हणून बसवायचा लोखंडी तुकडा) खाच मारून आणली. अडलं ते कोनावर. चावीच्या खाचेपासून दांडा नेमका किती कलता आहे, हे मी मोजूनच आणलं नव्हतं. हा कोन चुकला तर लिव्हर ज्या पट्टीत मागंपुढं फिरते तिच्या टोकाला आधी टेकते आणि अवजार अर्ध्यातच राहतं. शेवटी दोन्ही मोडके तुकडे कागदावर एकाला एक भिडवून पेन्सिलीनं आकार काढला आणि त्यावर धरून दांडा वेल्ड केला. मोडलेला तुकडा भंगारात टाकू नका म्हणतात ते याचसाठी.

पैसे देताना मामांनी विचारलं, "पर मोडली कशी? लिव्हरला कुठं एवढं वजन असतंय?"

त्याचं उत्तर घरी खोलल्यावर मिळालं. पावसाळाभर ट्रॅक्टर झाडाखाली उभा. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश कोरडा ठाक आणि लिव्हर जागेवर धरून ठेवणाऱ्या घर्षणाच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. महिनाभर लिव्हर जड लागत होती आणि मी नुसता जोर वाढवत होतो.

पॉलिश पेपरनं गंज काढला, डिझेलनं धुतलं, बुशाला ग्रीस लावलं. हात ग्रीसचाच होता, तर चकत्यांनाही लावून टाकलं! झालं, इंजिनच्या थरथरीनं लिव्हर आपोआप खाली सरकायची आणि रोटाव्हेटर वाटेतच टेकायचा. परत खोलून चकत्या पेट्रोलनं कोरड्या केल्या. मग नट पाव-पाव फेरा आवळत गेलो. आवळला की लिव्हर जड, सैल केला की खाली. चार-पाच वेळा चढउतार करून तिसऱ्या प्रहरी कुठं जमलं.

मूठ जुनीच बसवलीय. तिचे आटे झिजलेत, म्हणून नळाची पांढरी टेप गुंडाळलीय. चार दिवसांनी एकदा हातानं पिळावी लागते.