वर थोडं

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी घरच्या ग्रुपवर वहिनीनं जाहीर केलं, की यंदा नाताळात सगळ्यांनी सगळ्यांना काहीबाही देत बसायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला एकच भेट, आणि तीही ठरलेल्या रकमेच्या आत. पाच मिनिटांत अकरा अंगठे वर आले. दादानं तर नुसते हात जोडले. त्याला गेल्या जानेवारीतलं क्रेडिट कार्डाचं बिल आठवलं असावं.

खरी गंमत नंतर सुरू झाली, आणि ती ग्रुपवर नाही, खाजगीत. धाकट्या बहिणीनं विचारलं, "ताई, मुलं यात धरायची नाहीत ना?" मावशी म्हणाली, "मी आपलं सगळ्यांना छोटं छोटं काहीतरी आणणारच गं, त्याला भेट म्हणू नका." मावसभावाला शंका, की मर्यादेत पॅकिंगचा खर्च येतो का. आणि ज्यानं हात जोडले होते तो दादा रात्री हळूच, "तुझ्या वहिनीला माझ्याकडून वेगळं लागेलच ना? का तीही चिठ्ठीतच?" झोपेपर्यंत त्या नियमाची पार चाळणी झाली. मी कोणालाही अडवलं नाही. मुलांचं मी आधीच आणून कपाटात लपवलं होतं.

माझ्या चिठ्ठीवर नाव निघालं वहिनीचंच.

आता जिनं नियम केला तिला नियमातलं द्यायचं, म्हणजे सगळ्यात सोपं काम. तरी दुपारभर मी यादी करत बसले आणि प्रत्येक वस्तूपुढे मनात एकच शेरा उमटत गेला : बारीक दिसेल. वाईट नाही, निरुपयोगी नाही. बारीक दिसेल. हा आवाज माझा नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तो आईचा आहे.

आईची एक वही होती. लांबट, हिशेबाची. तिच्यात दोनच रकाने : 'आलं' आणि 'दिलं'. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर आम्ही पोरं पाकिटांवर तुटून पडायचो, तेव्हा आई पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसायची. आत्याकडून काय, काकांकडून काय, शेजारच्यांकडून काय. हाव म्हणून नव्हे. कोणाचं देणं आपल्यावर राहू नये, एवढ्यासाठी. आणि पुढच्या वर्षी खरेदीला निघताना ती वही उघडून बाबांना सांगायची, "त्यांचं आलंय तेवढं तरी हवंच. आणि वर थोडं."

हे 'वर थोडं' म्हणजे नेमकं किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण आत्याच्या घरीही अशीच एखादी वही असणार, निदान डोक्यात तरी, कारण तिकडूनही दरवर्षी वर थोडं यायचं. पहिल्यांदा रुमाल होते. मग रुमालांचा डबा आला. मग टॉवेल, मग टॉवेलांचा संच. कापड असं वाढत वाढत चादरीपर्यंत पोचलं. चादरीच्या पुढे काय, हा प्रश्न दोन्ही घरांना पडला असावा, कारण त्यानंतर एकदम भांडी सुरू झाली.

आई दुसऱ्या बाजूनं मात्र कमालीची काटकसरी. पाकीट फाडायला आम्हाला बंदी होती. बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं ती चिकटपट्टी अलगद कापायची, कागद उलगडून हातानं सपाट करायची आणि गादीखाली घालायची. आम्ही बाकीचं वर्षभर त्या चकचकीत ताऱ्यांवर झोपायचो. अजूनही मला पाकीट फाडता येत नाही. मी नखानं पट्टी उकरत बसते आणि माझी मुलं ओरडतात, "आई, फाड ना!" त्यांच्या भेटी मोडून कंटाळून बाजूला पडतात तोवर माझी एक घडी उलगडलेली असते.

हा कागदही तसा वर थोडं म्हणूनच आलेला. 1917 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंच्या दुकानात नाताळच्या तोंडावर भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला. नेहमीचे रंग पांढरा, लाल, हिरवा. मग त्यांनी पत्रांच्या पाकिटांना आतून अस्तर म्हणून लावायचा छापील फ्रेंच कागद विकायला काढला, आणि तो पटापट खपला. पुढे त्यांनी तो स्वतःच छापायला घेतला. तेच आजचे शुभेच्छापत्रांचे हॉलमार्कवाले. लोकांना भेटीच्या आतल्या वस्तूइतकंच बाहेरचं लागतं, हे एका दुकानदाराला माल संपल्यामुळे कळलं. आईला मी हे सांगायला हवं होतं. तिनं फक्त विचारलं असतं, तो कागद घडी मोडून परत वापरता यायचा का.

देण्याच्या या जाचाला कंटाळलेल्या बायका काही आमच्याच घरात नव्हत्या. 1912 साली न्यूयॉर्कमध्ये एलिनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन यांनी चक्क एक मंडळ काढलं, 'सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग'. म्हणजे फुकटच्या देण्याघेण्याला आळा घालणारं मंडळ. त्यात बहुतेक दुकानांतून राबणाऱ्या मुली. नाताळ आला की वरच्या साहेबाच्या भेटीसाठी त्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी निघायची, आणि नाही म्हणायची सोय नसायची. एकटी नाही म्हणाली तर कंजूष. सगळ्याजणी मिळून म्हणाल्या तर मंडळ. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा त्याचे सभासद झाले होते. मला त्या मुलींचं कौतुक वाटतं, आणि एक चहाटळ शंकाही येते, की यातल्या किती जणींनी खाजगीत विचारलं असेल, "मुलं यात धरायची नाहीत ना?"

अर्थशास्त्रज्ञांनी हा विषय मनावर घेतला तो 1993 साली. जोएल वाल्डफोगेल यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळात तुम्हाला जे मिळालं त्याची किंमत किती असेल, आणि तेच तुम्ही स्वतः किती पैसे देऊन घेतलं असतं? दोन आकड्यांत फरक पडला. देणाऱ्यानं खर्चलेल्या पैशातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग हवेत विरतो, असा त्यांचा हिशेब. पण विद्यार्थ्यांना एक अट होती : भावनेची किंमत धरायची नाही. ही अट वाचून मी पेन खाली ठेवलं. भावना वगळून आमच्या घरात चादर कशाला आली असती? आणि भावना म्हणजे तरी माया एवढीच का? आमच्या चादरीत माया होती, पण भीतीही चांगली चार बोटं रुंद होती.

एका वर्षी बाबांचं काम सुटलं होतं. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची. रात्री पाणी प्यायला उठले तर दोघं टेबलाशी बसलेले, मध्ये वही. बाबा म्हणत होते, "यंदा सगळ्यांना सांगून टाकू, की आम्ही काही देणार नाही, तुम्हीही देऊ नका." आई म्हणाली, "आणि त्यांनी दिलं तर?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाबांनी विचारलं, "किती लागतील?"

त्या वर्षीचं पान मी पुढे मोठेपणी पाहिलं. आधीच्या आणि नंतरच्या पानांसारखंच होतं. सगळ्यांना दिलेलं, सगळ्यांना वर थोडं. पैसे कुठून आले ते नव्हतं. वहीत तो रकानाच नव्हता. मला आठवतो तो फक्त जानेवारी. घरात दिवे लवकर मालवायचे, आणि माझ्या शाळेच्या बुटाला बाबांनी घरीच टाके घातले.

नाताळच्या बिलाची ही धास्ती फार जुनी. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात 1909 साली एका बँकेनं 'ख्रिसमस क्लब' सुरू केला. दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकायची, डिसेंबरात एकदम काढायची. मध्ये हात लावायचा नाही. किती शहाणपणाची गोष्ट. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती, तिच्याकडेही लोक असेच आठवड्या-आठवड्याला पैसे भरायचे. नाताळात खाऊच्या टोपल्या आणि खरेदीची कुपनं मिळायची. 2006 च्या ऑक्टोबरात ती कंपनी बुडाली. लाखाहून अधिक ग्राहक होते, बहुतेक बेताच्या कमाईचे. म्हणजे ज्यांनी कार्ड घासलं नाही, उधार घेतलं नाही, वर्षभर पै-पै बाजूला टाकली, त्यांचेच हात नाताळाच्या दोन महिने आधी रिकामे झाले. मला त्यांच्यातल्या आया दिसतात. आधी काय आठवलं असेल त्यांना? बुडालेली रक्कम, की कोणाकोणाला काय सांगायचं ते?

कधी वाटतं, कायदाच असलेला बरा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीत तो होता. 1659 मध्ये तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट मंडळींनी नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. कारण धर्माचं होतं, खर्चाचं नव्हे, आणि आनंदावर दंड म्हणजे वाईटच. पण काय सबब होती! 'द्यायचं फार मनात होतं हो, पण दंड होतो.' 1681 मध्ये तो कायदा मागे घेतला, तेव्हा एखाद्या घरात कोणीतरी नक्की कपाळावर हात मारला असेल.

आई गेल्यावर आत्या भेटायला आली होती. जुनं काहीबाही बोलताना म्हणाली, "तुझ्या आईचं पाकीट आलं की मला धडकीच भरायची बघ. पुढच्या वर्षी आता काय द्यावं?" मी वहीबद्दल काही बोलले नाही. आत्याही बहुधा काही लपवत होती.

यावरून मला एक महत्त्वाचं सुचलं होतं, या लेखाचा मुद्दा म्हणावा असं. पण तेवढ्यात वहिनीचा मेसेज आला, 'तुझं घेऊन झालं का गं? माझं झालं. थोडं वर गेलं, पण चालतंय.' मुद्दा गेला.

वहिनीला मी शेवटी छोटा विजेरी दिवा घेतला. तिला रात्री वाचायची सवय आहे, पुस्तकाला चिमट्यानं लावायचा असतो तो. अगदी ठरलेल्या रकमेच्या आत. खरंच चांगला आहे. पण पाकीट केलं तर पेन्सिलीच्या डब्याएवढं. म्हणून तो एका जरा मोठ्या खोक्यात ठेवला, हलू नये म्हणून भोवती एक शाल घातली. शाल काही भेट नाही, आधाराला आहे. आता खोकं मोठं झाल्यामुळे कागद एका बाजूनं वीतभर कमी पडतोय. एक रोल आणायला गेले, तर सुटा मिळत नाही, तीनचा संच आहे.

तीन घेतले.