गाडीतला घुमारा

सातारा, रविवार, रात्री

आज सकाळी अण्णांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट चढून आलो. गेले दोन महिने गाडीत जे काम चालले होते ते आता एका टप्प्यावर आले आहे, म्हणून त्याची नोंद करून ठेवतो.

गाडी १९६७ सालची एमजीबी जीटी, म्हणजे बंद छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, १७९८ सीसीच्या इंजिनाची. अण्णांनी ती मुंबईहून जवळजवळ भंगाराच्या मोलाने आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. तरीही गेल्या दिवाळीपासून ते तिच्यात बसायचे टाळत होते. कारण त्यांनी आपण होऊन सांगितले नाही, मला खोदून विचारावे लागले. श्रवणयंत्र लावून बसले की इंजिनाचा घुमारा इतका दाटून येतो की शेजारच्या माणसाचे शब्द त्यात बुडून जातात, असे ते म्हणाले. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले आवाज झाकून टाकतो आणि बोलण्यातली बरीचशी व्यंजने वरच्याच पट्टीत असतात. त्यामुळे मी ओरडून बोललो तरी त्यांना शब्द उलगडत नव्हते.

मी आधी बाजारातून जाड फोम आणून पायाखाली आणि सीटमागे चिकटवला. वरवरची कुरकुर कमी झाली, पण घुमारा तसाच राहिला. मग हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, आणि स्फोट १००. शंभर हर्ट्‌झच्या ध्वनीलहरीची लांबी हवेत सुमारे ३.४ मीटर भरते. एवढी लांब लहर इंचभर फोमने शोषली जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती. आवाज आत कोणत्या वाटेने येतो हे शोधल्याशिवाय आता काहीही चिकटवायचे नाही, असे मी त्या दिवशी ठरवले.

एका रात्री गॅरेजचे दिवे बंद केले, बोनेटखाली प्रखर दिवा ठेवला आणि आत अंधारात बसून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याकडे पाहिले. ते दृश्य मी विसरणार नाही. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती, वायरिंग आत येते तिथे, हीटरच्या पाइपांजवळ आणि गिअरच्या दांड्याच्या फाटलेल्या रबरी बुटातून उजेडाच्या रेघा आत येत होत्या. ही गाडी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगसाठी बांधली जात असे, त्यामुळे डाव्या अंगालाही पेडलसाठी जागा ठेवलेली आहे, आणि तिच्यावरच्या झाकणपट्टीचे पॅकिंग पार विरून गेले होते. पत्रा कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी तो २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. नवे ग्रोमेट (भोकांत बसणाऱ्या रबरी कड्या), नवा बूट आणि पॅकिंग यांवर झालेला खर्च फोमच्या खर्चाच्या पावपटही नव्हता.

त्यानंतर गाडी जॅकवर घेतली. इंजिनाची फाउंडेशन रबरे तेल पिऊन फुगली होती आणि मधोमध लाकडासारखी कडक झाली होती. गिअरबॉक्सखालच्या रबरांची अवस्थाही वेगळी नव्हती. पण खरे मूळ मागे सापडले. पूर्वी कोणत्यातरी गॅरेजमध्ये सायलेन्सरची तुटलेली रबरी पट्टी काढून त्या जागी जाड तार आवळून बांधली होती. त्या तारेतून नळकांड्याचे प्रत्येक कंपन थेट बॉडीच्या पत्र्यात उतरत होते आणि जीटीच्या बंद छपराखाली, मागच्या मोकळ्या जागेत, ढोलासारखे घुमत होते. तार काढून रबर बसवले आणि गाडी सुरू केली, तेव्हा काही क्षण मी हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता ऐकत राहिलो. फोनवरच्या आवाजाच्या आलेखात शंभर हर्ट्‌झच्या आसपास उभा राहणारा सुळका अजून दिसतो, पण तो पुष्कळच बुटका झाला आहे.

ब्युटाइल रबराच्या जड पट्ट्या सगळ्यात शेवटी लावल्या, आणि त्याही सरसकट नाहीत. बोटाने टकटक केल्यावर जिथे पत्रा वाजत होता, तिथे मधोमध एकेक पट्टी पुरली, कारण तिचे काम पत्र्याचे थरथरणे जिरवणे एवढेच आहे. गालिच्याखालचा जुना नमदा मात्र मी काढून टाकला. साताऱ्याच्या पावसाळ्यात तो महिनोन्महिने ओला राहतो, आणि त्याच्याखाली फरशीच्या पत्र्याला लागलेला गंज मी स्वतः खरवडला आहे. त्यामुळे तिथे आता पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घातला आहे.

इंजिनाचा आवाज पूर्ण बंद व्हावा, अशी माझी इच्छा कधीच नव्हती. गिअर बदलताना त्याचा चढणारा सूर मला हवाच आहे, आणि तो टिकून आहे याचा मनापासून आनंद वाटतो.

आज घाटात दुसऱ्या वळणानंतर अण्णांनी मान किंचित कलती केली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. श्रवणयंत्र पुन्हा त्रास देते आहे की काय, या शंकेने मी वेग कमी केला. तेव्हा ते म्हणाले, "टॅपेट वाजतायत रे. तिसऱ्या सिलिंडरचं आधी बघ." इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या टॅपेटची ती टकटक गेल्या कित्येक महिन्यांत मला ऐकू आली नव्हती. घरी येऊन फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे साधन, शोधून ठेवला आहे. उद्या संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर आम्ही दोघे मिळून झाकण उघडणार आहोत.