खाऱ्या टाकीची नोंदवही : जून ते जानेवारी, उजव्या हाताची हकिकत

टाकीची प्रगती मी दर महिन्याला लिहीत आलो आहे. जूननंतर हा क्रम तुटला, कारण ज्या हाताने लिहायचे आणि ज्या हाताने टाकी सांभाळायची तो उजवा हातच जवळजवळ आठ महिने दुखण्यात आणि उपचारांत अडकला होता. म्हणून ही नोंद एकत्रित आहे आणि तीत माशांपेक्षा टाकीतून एका बोटाला झालेल्या जिवाणू संसर्गाचीच माहिती अधिक आहे. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती सावकाश वाचावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नव्या वाचकांसाठी टाकीची थोडी ओळख देतो. गोव्यात पर्वरी येथील आमच्या घरात १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाची, म्हणजे सुमारे २४० लिटरची टाकी आहे. तीत पैदास केंद्रात वाढवलेली क्लाउनफिशची जोडी, एक फायर गोबी मासा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी आहेत. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून काढलेला जिवंत (जीवजंतू वसलेला) खडक मी कधीच घेतला नाही. माझी सारी रचना कोरड्या सिरॅमिक खडकांची आहे आणि पाणी आरओच्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवून केलेले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण समुद्रातला खडक किंवा पाणी टाकीत न आणल्यामुळे माझी टाकी निर्धोक आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

१४ जूनच्या रात्री पावसात वीज गेली, पहाटे परत आली आणि मागच्या कोपऱ्यातला पॉवरहेड (पाण्यात प्रवाह ठेवणारा छोटा पंप) पुन्हा सुरूच झाला नाही. तो काढण्यासाठी मी कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा खडकावर घासला. त्या खडकावर व्हर्मेटिड गोगलगायींच्या पांढऱ्या चुनखडी नळ्या वाढलेल्या आहेत. बहुधा इतर गोगलगायींबरोबर त्या आल्या असाव्यात. त्यांची तोंडे काचेच्या किरचीसारखी धारदार असतात. ओरखडा तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि रक्ताचा एकच थेंब आला. मी नळाखाली बोट धुतले, पंप साफ केला आणि तेच बोट घेऊन पुन्हा टाकीत हात घातला. ओरखडा चार दिवसांत भरून आला आणि मी तो विसरून गेलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी मुरमासारखी लाल पुटकुळी उठली. ती दुखत नव्हती आणि खाजतही नव्हती. पुढच्या तीन आठवड्यांत ती वाटाण्याएवढी झाली आणि तिचा रंग जांभळट झाला. वरची त्वचा चामखिळीसारखी खरखरीत झाली. मधूनमधून खपली निघून खालून पिवळसर पाण्याचा थेंब येई. सकाळी मूठ वळताना सांधा आखडलेला वाटे. ताप नव्हता, भूक नेहमीची होती, कामात खंड नव्हता, त्यामुळे घरातही कोणी फारसे मनावर घेतले नाही. जवळच्या एका दवाखान्यात आठवडाभराच्या प्रतिजैविक गोळ्या आणि मलम मिळाले, पण फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी ती चामखीळ ठरली. त्यानंतर घरात पडून असलेले खाजेवरचे एक मलम मी आपणहून दहा दिवस लावले. त्यात स्टेरॉइड होते हे मी वाचलेसुद्धा नव्हते. संसर्गावर स्टेरॉइड लावले की शरीराची तिथली लढण्याची ताकदच दबते. त्या दहा दिवसांनंतर हाताच्या पाठीवर आणखी दोन गाठी आल्या आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत मनगटाच्या वर तिसरी हाताला लागली. बोटापासून कोपराच्या दिशेने त्या जणू एका दोरीत ओवल्यासारख्या एका रेषेत होत्या.

ही रेषाच निदानाची मोठी खूण आहे, हे मला नंतर कळले. त्वचेखालच्या लसीकावाहिन्यांच्या वाटेने संसर्ग वर सरकतो तेव्हा गाठींची अशी माळ तयार होते. बागेतल्या काट्यातून होणाऱ्या स्पोरोट्रायकोसिस या बुरशीच्या आजारातही हेच चित्र दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे कठीण जाते.

ऑगस्टच्या अखेरीस मी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी गाठी पाहिल्या, बोटाने चाचपल्या आणि विचारले, ‘हाताला पाणी कशाचं लागतं तुमच्या? शेती, मासळी, बागकाम, काय करता?’ मी म्हणालो, ‘मासे पाळतो, डॉक्टर. खाऱ्या पाण्यातले.’ त्यांनी लगेच पेन खाली ठेवले आणि टाकीत शेवटचा ओरखडा कधी गेला होता ते विचारले. तोपर्यंतच्या दोन्ही ठिकाणी टाकीचा उल्लेख मी केलाच नव्हता. मला तो सांगण्याजोगा वाटला नव्हता आणि मला कोणी विचारलेही नव्हते. या साऱ्या काळातली माझी सर्वांत मोठी चूक हीच, असे मी मानतो.

संशय होता मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूचा. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांमध्ये तो प्रथम ओळखला गेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात ओरखडे गेलेल्या लोकांच्या जखमांतून तो माणसांत सापडला, आणि १९६२ साली घरच्या माशांच्या टाकीशी त्याचा संबंध वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. तेव्हापासून या दुखण्याला ‘फिश टँक ग्रॅन्युलोमा’ (माशांच्या टाकीमुळे येणारी गाठ) असेच नाव पडले आहे. नाव समुद्राचे असले तरी हा जिवाणू गोड्या पाण्याच्या टाक्यांतही आढळतो. खडक, काच आणि नळ्यांवरच्या बुळबुळीत थरात तो राहतो आणि मासे किंवा गोगलगायी यांच्याबरोबर टाकीत येऊ शकतो. त्यामुळे माझ्या कोरड्या खडकांनी मला काहीच संरक्षण दिले नव्हते. मे महिन्यात माझा एक डॅमसेल मासा पोट खपाटीला जाऊन, खंगत खंगत मेला होता आणि मी तो उघड्या हाताने काढला होता. त्याचा याच्याशी संबंध होता असे सिद्ध झालेले नाही. तरी खंगणे, अंगावर व्रण आणि वाकडा झालेला कणा ही माशांमधल्या याच आजाराची लक्षणे असतात, एवढे ध्यानात असावे.

आता तापमानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्यातल्या छंदिष्टांसाठी सारे मर्म तिथेच आहे. या जिवाणूची वाढ सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअसला उत्तम होते आणि ३७ अंशांना ती मंदावते किंवा थांबते. आपल्या शरीराचा गाभा ३७ अंशांवर असतो, पण बोटे, हाताची पाठ आणि कोपर त्याहून थंड असतात. म्हणूनच हा संसर्ग बहुतेक वेळा हातातच राहतो, आत फुप्फुसापर्यंत जात नाही. मात्र दुर्लक्ष केले तर तो स्नायुबंध, सांधा आणि हाडापर्यंत खोल उतरू शकतो. माझ्या टाकीला चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत तिचे पाणी २९ ते ३० अंशांवर असते, म्हणजे या जिवाणूला हवे तसेच. प्रयोगशाळेतही हीच मेख असते. क्षयाच्या जिवाणूसाठी नमुने ३७ अंशांवर ठेवण्याचा प्रघात आहे आणि तिथे हा जिवाणू न उगवण्याची शक्यता मोठी असते. आमच्या डॉक्टरांनी बायोप्सीच्या कागदावर ‘३० अंशांवरही वाढवावे’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. काचपट्टीच्या तपासणीत जिवाणू दिसले नाहीत. या आजारात ते संख्येने कमी असल्यामुळे असे वारंवार घडते. मात्र ३० अंशांवरच्या नळीत तिसऱ्या आठवड्यात वाढ दिसली. पुढच्या भेटीत मी ती नळी पाहिली. हिरवट तिरप्या थरावर मलईच्या रंगाचे बारीक ठिपके होते, आणि प्रकाशात ठेवल्यावर ते पिवळे होत गेले. प्रकाश मिळाल्यावर पिवळा रंग धरणे ही याची ओळखीची खूण आहे.

हा जिवाणू क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला आहे, हे ऐकून घरात सगळे घाबरले. पत्नीने नातवाला माझ्याजवळ येऊ देणेच बंद केले. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले की हा माणसाकडून माणसाला लागत नाही, वेगळी ताटवाटी किंवा वेगळी खोली यांची काहीही गरज नाही. त्याच दिवशी नातू पुन्हा मांडीवर आला. या दुखण्यात क्षयाची त्वचेवरची चाचणीही होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून कोणी धास्ती घेऊ नये.

उपचार सप्टेंबरच्या सुरुवातीला, नळीतली वाढ दिसण्याआधीच सुरू झाले. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथॅम्ब्युटॉल ही दोन औषधे मला मिळाली. मात्रा येथे लिहीत नाही, कारण ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. हा जिवाणू आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या क्षयावरच्या नेहमीच्या औषधांना सहसा दाद देत नाही. एथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या मज्जातंतूवर परिणाम करू शकते, म्हणून सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचण्याची तपासणी झाली. लाल आणि हिरव्यातला फरक पुसट वाटला तर त्याच दिवशी कळवावे, अशी सक्त सूचना होती.

त्या वर्षी चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला मी स्टुलावर चढलो नाही. हाताला पट्टी होती आणि सुंभाची गाठ मारण्याइतके बोट वळतच नव्हते. पुतण्याने माटोळी बांधली आणि मी खाली बसून एकेक फळ त्याच्या हातात देत राहिलो. टाकीचे कामही ऑगस्टपासून त्यानेच सांभाळले होते. आठवड्याला २० लिटर पाणी बदलणे, स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप धुणे, फिल्टरचा मोजा पालटणे ही सारी कामे त्याने एकही दिवस न चुकवता केली. त्याच्या हाताखाली नायट्रेट (पाण्यात साचणारा टाकाऊ घटक) ४० पीपीएमवरून १० वर आले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही आणि माझा धीर सुटत चालला होता. सहाव्या आठवड्यात मनगटावरची गाठ मऊ झाली, दिवाळीपर्यंत ती नाहीशी झाली, त्यानंतर हाताच्या पाठीवरच्या दोन्ही गाठी बसल्या, आणि सर्वांत शेवटी, डिसेंबरच्या आरंभी, बोटावरची मूळ जागा सपाट झाली. गाठी गेल्या तरी गोळ्या थांबवायच्या नसतात. त्यानंतरही एक-दोन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात.

टाकीतला हा जिवाणू मारून टाकण्याचा खात्रीचा मार्ग चालू टाकीत नाही, त्यामुळे टाकी मोडायची की काम करण्याची पद्धत बदलायची, एवढाच निर्णय उरतो. मी पद्धत बदलली. हातावर कापल्याची, खरचटल्याची, अगदी नखाजवळ सालपट निघाल्याची खूण असेल तर त्या दिवशी हात पाण्यात जात नाही. एरवी काखेपर्यंत येणारे रबरी हातमोजे घालतो आणि दर वेळी त्यांत पाणी भरून भोक नाही ना, हे पाहतो. व्हर्मेटिडच्या नळ्या चिमट्याने मोडून त्यांच्या तोंडांवर एपॉक्सी लावली आहे. सायफन तोंडाने ओढायचे कायमचे सोडले. टाकीच्या बादल्या आणि ब्रश आता स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धूत नाही, मागच्या अंगणात धुतो. चिमटे आणि कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसून, धुऊन, उन्हात वाळवतो. जुने खडक उकळून साफ करण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नये. खडकावर पॅलिथोआ (प्रवाळासारखा एक जीव) असेल तर त्यातले पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात जाते आणि त्यामुळे आख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

माझे दुखणे संथ होते, पण सगळीच तशी नसतात. बांगडा साफ करताना किंवा शिंगाळ्याचा काटा लागल्यावर दोन ते सात दिवसांत बोट जांभळट लाल होऊन ठणकू लागले, तर तो एरिसिपेलॉइड हा जिवाणू संसर्ग असू शकतो, आणि तो पेनिसिलिनने बरा होतो. खरी घाई व्हिब्रिओ व्हल्निफिकस या कोमट खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूच्या बाबतीत करावी लागते. ओरखड्यानंतर काही तासांत किंवा दिवसभरात सूज झपाट्याने पसरली, असह्य दुखू लागले, ताप आला किंवा रक्ताळ फोड आले तर सकाळची वाट न पाहता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. यकृताचा आजार असलेल्यांना तर हा संसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यांनी टाकीत उघडा हात मुळीच घालू नये.

२८ जानेवारीला माझ्या गोळ्या बंद झाल्या. सांध्यावर करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग राहिला आहे आणि बोट पूर्ण वळते. क्लाउनफिशच्या जोडीने गेल्या आठवड्यात खडकाखालच्या फरशीवर प्रथमच नारिंगी अंडी घातली. नर त्यांवर परांनी वारा घालत असतो आणि हातमोजा जवळ गेला की त्यावर धावून येतो. पॉवरहेड मी आता पुढच्या काचेवर, हात खडकाला लागणारच नाही अशा जागी बसवला आहे.