चवळीच्या गाठी: ग्रिलमधल्या कुंड्यांचा अपडेट

नमस्कार मंडळी, मुलुंडच्या खिडकीतून चवळीचा अपडेट देतेय, आणि यावेळी खरंच भारी वाटतंय! दोन कुंड्या केल्यात, एकीत रायझोबियम (मुळांवर गाठी करून त्यात हवेतलं नत्र झाडासाठी बांधणारे जिवाणू) लावलेलं बी आणि दुसरीत तसंच, बाकी दोन्हीत धुतलेलं कोकोपीट, वाळू, थोडं रॉक फॉस्फेट आणि चिमूटभर राख. शेणखत मुद्दाम टाकलं नाही, कारण आयतं नत्र मिळालं की झाड गाठी कमीच धरतं. जिवाणूचं पाकीट गावाहून येताना कृषी सेवा केंद्रातून आणलेलं, २५० ग्रॅमचं, शेतात ते १० किलो बियाण्याला लावतात, त्यामुळे माझ्या मूठभर चवळीला चमचाभर बास झालं. गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळलं, सावलीत सुकवलं आणि लगेच पेरलं.

फुलं यायच्या आधी दोन्हीतलं एकेक रोप उपटलं. साध्या कुंडीतलं पिवळट, मुळं स्वच्छ, गाठींचा पत्ता नाही. दुसऱ्याच्या मुळांवर मस्त गोल गाठी, आणि ब्लेडने कापल्यावर आत गुलाबी!! माझ्या मते गाठी मोजण्यापेक्षा हा रंग बघा. तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात आलं की बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला तोच ऑक्सिजन हवा, म्हणून लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. आतून पांढरी गाठ कामाची नाही, हिरवट झाली तर म्हातारी झाली समजा. शिवाय नत्राचा एक रेणू फोडायला १६ एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात आणि ते बनवायची सगळी साखर पानांकडून येते, म्हणून ऊन कमी असलेल्या खिडकीत नुसतं पाकीट लावून फार काही होणार नाही.

हेच पाकीट मेथीला चालेल का असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. चवळी, मूग, उडीद, भुईमूग यांचं ब्रॅडीरायझोबियमशी (रायझोबियमच्याच गोतावळ्यातल्या जिवाणूशी) जमतं, मेथीचे जिवाणू वेगळे आणि हरभऱ्याचे त्याहून वेगळे, तेव्हा घेताना पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या.

आता उरलेल्यातली अर्धी रोपं फुलावर आली की अख्खी कापून कुंडीतच गाडणार, कारण शेंगा धरल्या की बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि मातीला फार उरत नाही. वर पालक पेरेन. मुगावर कोणी केलं असेल तर कापलेल्या गाठींचे फोटो टाका ना!